शाळेत शिकवतात ते मुलांच्या वयाला झेपणारं आहे का? पालक वारंवार विचारतात ते प्रश्न

पालकांकडून सतत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, गुंतागुंतीचे नंतर. एखाद्या मुद्द्याचं उत्तर दुसरीकडे आलं असेल तर तिथला क्रमांक दिला आहे. नियम देशागणिक बदलतात, काही बाबतीत शाळेगणिकही. त्यामुळे कायद्याची आणि निकालांची उदाहरणं दिशा कळण्यापुरती घ्या. तुमच्या शाळेला कोणता नियम लागू आहे ते शाळेलाच विचारा.

१. ‘वयाला योग्य नाही’ म्हणजे नेमकं काय? हे ठरवतं कोण?

पालक बहुतेक वेळा ‘हा विषयच नको’ असं म्हणत येतात. थोडं खोलात विचारलं की तक्रार विषयाबद्दल नसते, तो ज्या रीतीने मांडला त्याबद्दल असते. मृत्यू हा विषय पाच वर्षांच्या मुलालाही वर्ज्य नाही. घरात कुणी गेलं तर त्याला सांगावंच लागतं. पण त्याच मुलाला अपघातातल्या मृतदेहाचं छायाचित्र दाखवणं चूक आहे. विषय एकच, मांडणी वेगळी.

म्हणून कोणताही धडा समोर आला की हे पाहा: विषय कोणता, तपशील किती खोल, तो शब्दांत आहे की चित्रात की व्हिडिओत, आणि मुलांना प्रश्न विचारायला, गोंधळ दूर करायला वेळ मिळाला का. यातली शेवटची गोष्ट पालक सहसा विचारत नाहीत, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त फरक तिनेच पडतो. जड विषय तासाच्या शेवटच्या पाच मिनिटांत उरकला आणि घंटा झाली, तर उत्तम लिहिलेला धडाही मुलाच्या मनात भीती होऊन बसतो.

ठरवण्याचं काम वेगवेगळ्या पातळ्यांवर होतं. अभ्यासक्रम सरकारी मंडळ ठरवतं, पुस्तकं आणि पूरक साहित्य शाळा निवडते, आणि वर्गात प्रत्यक्ष काय बोललं जातं ते शिक्षकाच्या हातात असतं. तक्रार कोणाकडे न्यायची हे यावरूनच ठरतं (प्रश्न ४).

२. मुलीने घरी येऊन वर्गातलं काहीतरी सांगितलं आणि मी हादरलो. आधी काय करू?

चेहरा शांत ठेवा. मुलीला जर वाटलं की सांगितल्यामुळे घरात वादळ उठलं, तर पुढच्या वेळी ती सांगणार नाही, आणि ते नुकसान धड्यापेक्षा मोठं आहे. ‘हे कोणी शिकवलं तुला?’ असं विचारू नका. त्याऐवजी ‘बाई काय म्हणाल्या? मग मुलांनी काय विचारलं? तुला काय वाटलं?’ असं विचारा.

सहा-सात वर्षांची मुलं ऐकलेलं, पाहिलेलं आणि शेजारच्या बाकावरच्या मित्राने त्यात घातलेली भर हे सगळं एकाच गोष्टीत मिसळून सांगतात. त्यात खोटेपणा नसतो. त्या वयात आठवणी तशाच येतात. मधल्या सुट्टीत मोठ्या वर्गातल्या मुलाने सांगितलेली गोष्ट ‘शाळेत शिकवलं’ म्हणून घरी येते, हे फार वेळा घडतं. तेव्हा मुलीचं म्हणणं गंभीरपणे घ्या, पण तेवढ्यावर निष्कर्ष काढू नका. मूळ पान पाहा.

याला एकच अपवाद आहे: कोणी मोठ्या माणसाने तिला हात लावल्याचं, काही दाखवल्याचं किंवा गुपित ठेवायला सांगितल्याचं ती बोलली, तर पान शोधत बसू नका. थेट प्रश्न १२ वाचा.

३. शिकवलेलं साहित्य शाळेकडे बघायला मागता येतं का?

मागता येतं, आणि मागायलाच हवं. पाठ्यपुस्तक तर घरीच असतं. त्याखेरीज वर्गात वापरलेली सादरीकरणं, छापील कागद, व्हिडिओंचे दुवे, बाहेरच्या संस्थेने तास घेतला असेल तर तिचं नाव आणि तिचं साहित्य, आणि शिक्षकांसाठीची पुस्तिका असेल तर तीही मागा. वाद बऱ्याचदा याच पुस्तिकेवर होतो, कारण मुलांच्या पुस्तकात नसलेल्या गोष्टी तिच्यात असतात. उलट दिशेनेही गोंधळ होतो: शिक्षकांना माहिती म्हणून दिलेला मजकूर ‘मुलांना हे शिकवतात’ म्हणून मोबाइलवर फिरत राहतो.

‘हे साहित्य खासगी संस्थेचं आहे, कॉपीराइटमुळे दाखवता येत नाही’ असं उत्तर काही वेळा मिळतं. इंग्लंडच्या शिक्षण खात्याने २०२३ मध्ये शाळांना स्पष्ट कळवलं की लैंगिक शिक्षणाचं साहित्य पालकांपासून असं लपवता येणार नाही. तुमच्याकडे तसा लेखी नियम नसला तरी युक्तिवाद हाच करा. मुलांना दाखवता येतं ते त्यांच्या पालकांना दाखवता येत नाही, असं कोणतीही शाळा पटेल अशा रीतीने सांगू शकत नाही.

४. तक्रार कोणाकडे करायची आणि कशी लिहायची?

आधी वर्गशिक्षक किंवा विषयशिक्षक, मग मुख्याध्यापक, मग शाळेचं व्यवस्थापन, आणि शेवटी शिक्षण खातं. मजकूर सरकारी पाठ्यपुस्तकातला असेल तर शिक्षकांशी भांडण्यात अर्थ नाही. त्यांनी तो निवडलेला नसतो आणि त्यांना तो वगळताही येत नाही. तिथे थेट पाठ्यपुस्तक मंडळाला लिहा.

पत्र एका पानाचं असावं. तारीख, इयत्ता, विषय, पान क्रमांक किंवा व्हिडिओचं नाव. मजकूर जसाच्या तसा उद्धृत केलेला. तुमच्या मुलावर त्याचा काय परिणाम दिसला (झोप, भीती, वारंवार तोच प्रश्न). आणि तुमची मागणी. मागणी नेमकी असली पाहिजे. ‘हे थांबवा’ याला उत्तर देणं शाळेला अवघड जातं. ‘पान ३४ वरचं छायाचित्र या इयत्तेसाठी वगळावं’ किंवा ‘असा तास घेण्याआधी पालकांना आठवडाभर आधी कळवावं’ याला हो किंवा नाही म्हणावंच लागतं. शिक्षकांच्या चारित्र्याबद्दल एक शब्दही लिहू नका. तो आला की पुढची सगळी चर्चा त्याच्यावरच होते.

पालकांच्या ग्रुपवर फोटो टाकणं ही शेवटची पायरी आहे. तिथून विषय तुमच्या हातात राहत नाही.

५. मुलगा पहिलीत आहे. त्याला गुप्तांगांची खरी नावं शिकवली. इतक्या लहान वयात कशाला?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, म्हणून थोडं सविस्तर.

युनेस्कोने २०१८ साली सुधारून काढलेल्या मार्गदर्शिकेत लैंगिकता शिक्षणाचे चार वयोगट केले आहेत: ५ ते ८, ९ ते १२, १२ ते १५ आणि १५ च्या पुढे. पहिल्या गटात शरीराच्या सगळ्या अवयवांची नावं, आपलं शरीर आपलं आहे ही जाणीव, आणि नको असलेला स्पर्श झाला तर विश्वासातल्या मोठ्या माणसाला सांगणं या गोष्टी येतात. ही मार्गदर्शिका सल्ला देणारी आहे, कोणत्याही देशावर बंधनकारक नाही.

यामागचं कारण व्यवहारी आहे. मुलांवर लैंगिक अत्याचार करणारी व्यक्ती बहुतेक वेळा ओळखीची असते. ज्या मुलाकडे त्या अवयवासाठी घरातलं लाडाचं टोपणनावच आहे, त्याने शिक्षिकेला किंवा डॉक्टरांना काही सांगितलं तरी ते समजत नाही. ऐकणाऱ्याला वाटतं मूल खेळण्याबद्दल बोलतंय. शिवाय जे नाव घरात उच्चारायचंच नाही, त्या जागी काही झालं तर तेही बोलायचं नाही, असं मूल आपोआप शिकतं.

अशा तासांनी मुलं घाबरून जातात का, हेही तपासलं गेलं आहे. शाळांमधल्या अत्याचार प्रतिबंध कार्यक्रमांचा कॉक्रेन या संशोधनाचे आढावे घेणाऱ्या संस्थेने २०१५ मध्ये २४ चाचण्यांच्या आधारे आढावा घेतला. मुलांचं ज्ञान आणि स्वतःला जपण्याचं कौशल्य वाढल्याचं त्यात दिसलं. भीती वाढल्याचा पुरावा मिळाला नाही.

आता दुसरी बाजू. नावं शिकवणं आणि संभोग समजावणं यांत अंतर आहे, आणि काही बाहेरच्या संस्था ते पाळत नाहीत. पहिलीतल्या मुलांसमोर प्रौढांच्या लैंगिक वर्तनाचा तपशील आला असेल तर तुमची तक्रार रास्त आहे. ती करताना ‘नावं का शिकवली’ हा मुद्दा मात्र सोडून द्या. तो धरून बसलात की तुमचा बळकट मुद्दाही कमकुवत होतो.

६. चौथीत मासिक पाळीचा तास झाला. मुलगी अजून लहान आहे, हे लवकर नाही का?

नाही. मुलींमध्ये वयात येण्याची सुरुवात ८ ते १३ या वयात कधीही होऊ शकते, मुलांमध्ये ९ ते १४. वर्गात एखादी तरी मुलगी अशी असतेच जिला बाकीच्यांच्या खूप आधी पाळी येते. तास त्या मुलीला गाठायच्या आत व्हायला हवा. मुलग्यांनाही तो हवा; नाहीतर डाग दिसलेल्या मुलीची चेष्टा करणारे तेच असतात.

७. असं शिकवल्याने मुलांची उत्सुकता चाळवते आणि ती बिघडतात, हे खरं आहे का?

युनेस्कोच्या २०१८ च्या मार्गदर्शिकेने अनेक देशांतल्या अभ्यासांचा आधार घेतला आहे. अशा शिक्षणामुळे लैंगिक संबंध लवकर सुरू होतात किंवा वाढतात असं त्यांत आढळलं नाही. काही कार्यक्रमांत ते उशिरा सुरू झाले. फक्त ‘लग्नापर्यंत संयम’ एवढंच सांगणारे कार्यक्रम मात्र परिणामकारक ठरले नाहीत.

हे निष्कर्ष चांगल्या रीतीने आखलेल्या, प्रशिक्षित शिक्षकांनी घेतलेल्या कार्यक्रमांचे आहेत. तुमच्या शाळेत तो तास लाजत, हसत, घाईत उरकला जात असेल तर त्या अभ्यासांचा दाखला देऊन शाळेला सुटता येणार नाही.

८. इतिहासाच्या तासाला कत्तलींची छायाचित्रं दाखवली. मुलगा रात्री झोपत नाही. हे शिकवू नये का?

शिकवावं, पण केव्हा आणि कशाच्या आधाराने हा खरा प्रश्न आहे. लैंगिक शिक्षणावर जेवढा गोंधळ होतो त्याच्या पावपटही हिंसेच्या चित्रांवर होत नाही, याचं मला नवल वाटतं. मुलांची झोप उडवणारं साहित्य बहुधा इथूनच येतं.

या बाबतीत वॉशिंग्टनमधलं अमेरिकेचं होलोकॉस्ट (नाझींनी केलेला ज्यूंचा संहार) स्मृती संग्रहालय शिक्षकांना जे सांगतं ते कोणत्याही देशाच्या इतिहासाला लावता येतं. साधारण सहावीपासून पुढची मुलं त्या संहाराची व्याप्ती आणि गुंतागुंत समजून घेऊ शकतात. त्याआधीची मुलं एखाद्या व्यक्तीच्या कहाणीशी समरस होतात, पण ती मोठ्या इतिहासात बसवू शकत नाहीत. भीषण दृश्यं जपून, धड्याला गरज असेल तेवढीच वापरावीत, असाही सल्ला आहे.

त्यामुळे शाळेला विचारायचा प्रश्न सोपा आहे: हे छायाचित्र काढून टाकलं तर धड्यातलं काय जातं? काहीच जात नसेल तर ते धक्का देण्यासाठी लावलं होतं.

उलट टोकही पाहा. जानेवारी २०२२ मध्ये अमेरिकेतल्या टेनेसी राज्यातल्या मॅकमिन काउंटीच्या शाळा मंडळाने होलोकॉस्टवरचं एक पुलित्झर पुरस्कार मिळालेलं चित्रमय पुस्तक आठवीच्या अभ्यासक्रमातून एकमताने काढलं. कारणं होती काही शिव्या आणि एक नग्न रेखाचित्र. लाखोंच्या हत्येचा विषय तेरा-चौदा वर्षांच्या मुलांना चालतो, पण त्यातली शिवी चालत नाही, हा हिशेब मला पटत नाही.

९. शिक्षकांनी वर्गात इंटरनेटवरचा व्हिडिओ लावला, तो पुस्तकात नव्हता. त्यावर आक्षेप घेता येतो का?

येतो, आणि इथे पालकांची बाजू सगळ्यात भक्कम असते. पुस्तक समितीतून गेलेलं असतं. व्हिडिओ कोणीच तपासलेला नसतो. चित्रपट किंवा गेम असेल तर त्यावरचं वयाचं प्रमाणपत्र पाहा. युरोपातली पेगी पद्धत गेमसाठी ३, ७, १२, १६ आणि १८ असे टप्पे देते. चित्रपटांना बहुतेक देशांत तशीच वर्गवारी असते. दहा वर्षांच्या मुलांना १६ चं प्रमाणपत्र असलेलं काही दाखवलं असेल तर वाद घालायची गरजच उरत नाही.

मागणी मात्र माफक ठेवा: आधी पूर्ण पाहिलेला व्हिडिओच लावावा आणि पुढचा आपोआप सुरू होणार नाही अशी सोय करावी. बऱ्याच प्रकरणांत दोष निवडलेल्या व्हिडिओचा नसतो, त्याच्यामागून आलेल्या जाहिरातीचा असतो.

१०. माझ्या मुलाला त्या तासातून वगळता येईल का?

देशानुसार उत्तरं अगदी वेगळी आहेत.

स्वीडनने १९५५ मध्येच लैंगिक शिक्षण सक्तीचं केलं. डेन्मार्कमधल्या सरकारी शाळांतल्या सक्तीविरुद्ध काही पालक युरोपीय मानवाधिकार न्यायालयात गेले. १९७६ मध्ये निकाल त्यांच्या विरोधात गेला. पण त्याच निकालाने शाळांवर एक अटही घातली: माहिती वस्तुनिष्ठ, चिकित्सक आणि अनेक बाजू मांडणारी असावी, एखादं मत मुलांच्या गळी उतरवू नये. इंग्लंडमध्ये २०२० पासून नातेसंबंधांचं शिक्षण प्राथमिक शाळेपासून सक्तीचं आहे. त्यातून आणि विज्ञानातल्या भागातून वगळता येत नाही; लैंगिक शिक्षणाच्या वेगळ्या तासातून वगळण्याची विनंती पालक करू शकतात. अमेरिकेत मेरीलँडमधल्या माँटगोमेरी काउंटीच्या प्राथमिक शाळांत समलिंगी आणि पारलिंगी पात्रांची गोष्टीची पुस्तकं वाचली जात. जून २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी ठरवलं की खटला चालू असेपर्यंत धार्मिक कारणाने हरकत घेणाऱ्या पालकांना आधी सूचना आणि मूल वगळण्याची मुभा मिळाली पाहिजे.

मुभा असली तरी वापरण्याआधी विचार करा. वगळलेलं मूल ग्रंथालयात बसतं आणि मधल्या सुट्टीत तोच धडा मित्रांकडून ऐकतं, तोही तिखटमीठ लावून. शिक्षकांचं नियंत्रण गेलं, विषय राहिलाच. वगळायचं असेल तर त्याच आठवड्यात घरी तुम्ही काय सांगणार ते आधी ठरवा. आणि शरीरसुरक्षेच्या तासातून (प्रश्न ५) मूल कृपया काढू नका.

११. मजकूर वयाला ठीक असेल, पण आमच्या श्रद्धेविरुद्ध आहे. मग?

मग तक्रार वयाची म्हणून करू नका. या दोन वेगळ्या तक्रारी आहेत आणि त्यांची उत्तरंही वेगळी आहेत. वयाच्या तक्रारीत तुम्ही म्हणता ‘आत्ता नको’. मूल्यांच्या तक्रारीत म्हणता ‘असं नको’. पहिलीचं सोंग घेऊन दुसरी मांडली की शाळा तो धडा दोन वर्षांनी पुढे ढकलते आणि तुमचा प्रश्न जिथल्या तिथे राहतो.

१९४८ च्या मानवाधिकारांच्या जाहीरनाम्यातल्या कलम २६ नुसार मुलांना कोणत्या प्रकारचं शिक्षण द्यावं हे निवडण्याचा प्रथम हक्क पालकांचा आहे. पण त्याच कलमात शिक्षणाने सर्व वांशिक आणि धार्मिक गटांत समजूत आणि सहिष्णुता वाढवावी असंही म्हटलं आहे. ‘काही लोक असं मानतात, असं जगतात’ हे सांगणं शाळेचं काम आहे. ‘तुम्हीही असंच मानलं पाहिजे’ म्हणणं नाही. नॉर्वेतल्या शाळांत धर्म आणि जीवनदृष्टीच्या विषयात ख्रिस्ती धर्माला झुकतं माप होतं आणि पूर्ण सूट मिळत नव्हती. तिथल्या पालकांनी २००७ मध्ये युरोपीय न्यायालयात खटला जिंकला. तुमच्या शाळेचा धडा या दोन वाक्यांपैकी कोणत्या वाक्यासारखा आहे ते पाहा आणि त्यावर बोट ठेवा.

१२. ‘हे घरी सांगू नका’ असं शिक्षकांनी मुलांना सांगितलं. चालेल का?

कोणत्याही विषयावर, कोणत्याही वयात चालणार नाही. हा मजकुराचा प्रश्न उरत नाही. मोठ्या माणसाने मुलाला गुपित ठेवायला सांगणं ही अत्याचाराची पूर्वतयारी असू शकते, आणि ती तशी नसली तरी मुलांना नेमकी चुकीची सवय लावते. त्याच दिवशी मुख्याध्यापकांना लेखी कळवा. स्पर्शाचा, एकट्याने बोलावल्याचा, फोटोंचा उल्लेख असेल तर शाळेच्या चौकशीची वाट न पाहता पोलिसांकडे किंवा बालसंरक्षण यंत्रणेकडे जा. मुलाला पुन्हा पुन्हा तेच विचारू नका. त्याचे शब्द तारीख घालून जसेच्या तसे लिहून ठेवा.

१३. पुस्तक शाळेच्या ग्रंथालयात मिळालं, वर्गात शिकवलेलं नाही. नियम तेच का?

नाहीत. वर्गात बसणं सक्तीचं असतं; ग्रंथालयातलं पुस्तक मूल स्वतः निवडतं. त्यामुळे तिथे ‘काढून टाका’ ऐवजी ‘वरच्या इयत्तांच्या कपाटात ठेवा’ किंवा ‘माझ्या मुलाला देऊ नका’ ही मागणी बहुतेक ग्रंथपाल लगेच मान्य करतात.

१४. बाकी सगळ्या मुलांना तो धडा चालला, माझ्याच मुलाला त्रास झाला. मी बोलायचं का?

जरूर. वय म्हणजे फक्त जन्मतारीख नव्हे. नुकतंच घरात कुणी गेलं आहे, आईवडील वेगळे होत आहेत, मूल दत्तक आहे, त्याच्यावर पूर्वी अत्याचार झाला आहे: अशा मुलासाठी ‘माझं कुटुंब’ हा निरुपद्रवी निबंधही जड जाऊ शकतो. इथे मजकूर चुकीचा नसतो, म्हणून तक्रार नको, विनंती करा. सगळं सांगायची गरज नाही. ‘हा विषय येणार असेल तर मला दोन दिवस आधी सांगा’ एवढं पुरतं. धडा बदलण्यापेक्षा असा निरोप मिळवणं सोपं असतं.

१५. मुलगी पंधरा वर्षांची आहे. तिला तास हवा आहे, मला नको. कोणाचं चालणार?

१९८९ च्या बालहक्क संहितेत दोन्ही बाजू आहेत. कलम ५ पालकांचा मार्गदर्शनाचा हक्क मान्य करतं, पण मुलाच्या वाढत्या समजुतीला धरून. कलम १२ मुलाचं मत वयानुसार विचारात घ्यायला सांगतं. म्हणजे सहाव्या वर्षी पारडं पालकांकडे झुकलेलं असतं आणि पंधराव्या वर्षी मुलीकडे. इंग्लंडच्या नियमात हे नेमकं उतरवलं आहे: पालकांनी वगळलेलं मूल सोळा पूर्ण होण्याच्या तीन सत्रं आधीपासून स्वतः तास मागू शकतं, आणि शाळेने तो द्यायचा असतो. नियम नसेल तिथेही, पंधरा वर्षांची मुलगी स्वतःहून प्रौढ शिक्षकाकडून शिकायला तयार असेल तर मी तिच्या बाजूने आहे.

१६. इतर पालकांच्या तक्रारीमुळे शाळेने तास बंदच केला. मला तो हवा होता. आता?

याबद्दल कमी पालक लिहितात, कारण समाधानी पालक पत्र लिहीत नाहीत. शाळेकडे विरोधाची दहा पत्रं आणि समर्थनाचं शून्य असेल तर मुख्याध्यापक काय करणार? प्रश्न ४ मधली रीत इथेही तशीच लागू होते: कोणता तास, कोणत्या इयत्तेचा, तो का हवा, आणि तुमची मागणी काय. ज्यांना नको त्यांना सूट देऊन बाकीच्यांसाठी तो सुरू ठेवावा, हे बहुतेक शाळांना जमण्यासारखं असतं. पत्रावर आणखी दोन-तीन पालकांच्या सह्या घ्या आणि पुढच्या पालकसभेच्या आधी द्या, नंतर नको.